पॉइंट जमवून मालदीव: खोली फिटली, पुढचा हिशोब

हॉटेलच्या पॉइंटवर, म्हणजे मुक्कामांतून आणि कार्डावरच्या खर्चातून जमणाऱ्या बक्षीस-गुणांवर, मालदीवला जाऊन आल्यापासून ओळखीतले सगळे एकच विचारतात, "म्हणजे फुकटातच झालं ना?" नाही. खोली पॉइंटवर झाली. बोट, जेवण, तिथे पर्यटकांकडून घेतला जाणारा हरित कर, विमानाची तिकिटं हे सगळं रोख. शिवाय पॉइंटही कुठेतरी पैसे मोजल्याशिवाय येत नाहीत. तरीही हा व्यवहार मला मनापासून पटलाय. तो समजून केला तर एरवी ज्या जागेचे फोटो बघून आपण पुढे जातो, तिथे आईला घेऊन राहता येतं. कसं जमवलं ते सविस्तर लिहिते, कारण याबद्दल मराठीत बोलताना लोक एकतर "सगळं फुकट" म्हणतात नाहीतर "सगळी फसवणूक". खरं दोन्ही नाही.

माझं काम पुरवठादारांच्या कारखान्यांचं ऑडिट करण्याचं. चाकण, होसूर, श्रीपेरुंबुदूर अशा औद्योगिक पट्ट्यांत महिन्यातून काही रात्री काढाव्याच लागतात. कंपनीचा करार बहुतेक ठिकाणी मॅरियटच्या हॉटेलांशी, म्हणून मी त्यांच्या पॉइंट योजनेची, मॅरियट बॉनव्हॉयची, सभासद झाले. सभासदत्वाला पैसे लागत नाहीत. मॅरियटनं २०१६ साली स्टारवुड ही कंपनी विकत घेतली, पुढे दोघांच्या योजना एकत्र केल्या आणि २०१९च्या फेब्रुवारीपासून त्याला बॉनव्हॉय हे नाव दिलं. त्यामुळे चाकणच्या कोर्टयार्डपासून मालदीवच्या सेंट रेजिसपर्यंत सगळीकडे एकच पॉइंट चालतो. माझ्यासारखीला यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. कारखान्याशेजारच्या खोलीत मिळालेला पॉइंट समुद्रावरच्या खोलीत खर्च करता येतो.

पण नुसतं राहून किती मिळतात? बहुतेक ब्रँडांत एका डॉलरच्या बिलामागे १० पॉइंट. म्हणजे सहा हजार रुपयांच्या खोलीचे साधारण सातशे. मला हवी होती ती खोली रात्रीला ४५ हजार पॉइंटांच्या घरात. फक्त कामाच्या मुक्कामांवर विसंबले असते तर त्या एका रात्रीसाठी साठाहून जास्त रात्री औद्योगिक वसाहतीत झोपावं लागलं असतं. जास्त मुक्काम करणाऱ्यांना मिळणाऱ्या सिल्व्हर दर्जाला १० टक्के, त्याच्या वरच्या गोल्डला २५ टक्के जादा पॉइंट मिळतात, त्यानं थोडा हातभार लागतो, इतकंच.

खरी भर पडते ती क्रेडिट कार्डांतून. आमच्याकडे अमेरिकन एक्स्प्रेसचं ट्रॅव्हल कार्ड होतं. २०२३ साली त्यावर वर्षाला एक लाख नव्वद हजारांचा खर्च झाला की १५ हजार पॉइंट, आणि चार लाखांवर आणखी २५ हजार असा बोनस मिळे. ते पॉइंट बॉनव्हॉयमध्ये तेव्हा एकास एक जात. विम्याचे हप्ते, मुलाच्या कॉलेजची फी, किराणा, घराची रंगरंगोटी, जे खर्च होणारच होते ते या कार्डावर फिरवले. एचडीएफसीचं मॅरियट कार्ड २०२३च्या ऑगस्टमध्ये आलं, तेही घेतलं. तीन हजार अधिक जीएसटी फी, आणि त्या बदल्यात १५ हजार पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलात एक मोफत रात्र. मालदीवला तिचा काही उपयोग नाही, पण देशातल्या शहरांतल्या हॉटेलात फी वसूल होते.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत नसेल तर या वाटेला जाऊच नये. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज लागतं. त्यापुढे कुठलाही पॉइंट टिकत नाही. पॉइंटसाठी नको ती खरेदी करणं हेही तसंच. आवळा देऊन कोहळा काढायची बँकेची रीत आहे आणि त्यात कोहळा आपला असतो.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. ती मालवणची, वडिलांचं मच्छीचं दुकान होतं, त्यामुळे व्यवहार तिला चटकन कळतो. तिनं सुरी न थांबवता विचारलं, "फुकट कोण देता गो? हॉटेलवालो खुळो आसा काय?"

प्रश्न अगदी नेमका होता, म्हणून मी तो मुळापासून शोधला. आपण दुकानात कार्ड घासतो तेव्हा दुकानदार बिलावर काही टक्के फी देतो. त्यातला मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. बँक त्यातून हॉटेल कंपनीचे पॉइंट घाऊक भावात विकत घेते आणि आपल्याला देते. म्हणजे पॉइंट छापणं हा हॉटेल कंपनीचा स्वतंत्र धंदा झालाय. दुसऱ्या टोकाला, ज्या हॉटेलात आपण राहतो ते बहुधा मॅरियटच्या मालकीचं नसतंच. मालक वेगळा, नाव आणि व्यवस्था मॅरियटची. आपण पॉइंटवर खोली घेतली की कंपनी त्या मालकाला पैसे देते. हॉटेल बरंचसं रिकामं असेल तर ही रक्कम थोडीच असते, जवळजवळ भरलेलं असेल तर बाजारभावाच्या जवळ जाते. आईला म्हटलं, "खोली रिकामी ठेवण्यापेक्षा थोडे पैसे मिळाले तर मालकाला बरंच की." ती म्हणाली, "मग गर्दी नाय तेव्हा जावचा." पुढे खोली शोधताना हाच सल्ला सगळ्यात जास्त कामी आला.

पॉइंटची किंमत आपल्या हातात नसते, हेही याच वर्षांत दिसलं. मॅरियटचा पूर्वी ठरलेला तक्ता होता. हॉटेलांच्या आठ श्रेण्या, प्रत्येकीचा पॉइंटचा भाव जाहीर. मार्च २०२२ मध्ये तो तक्ता गेला आणि आता भाव मागणीप्रमाणे हलतो. एका खासगी बँकेच्या महागड्या कार्डावर पाच पॉइंटांचे विमान कंपनीचे चार मैल (म्हणजे त्यांचे पॉइंट) मिळत, ते २०२३च्या सप्टेंबरपासून पाचाला दोन झाले. ओळखीतल्या कितीतरी लोकांचे लाखभर पॉइंट एका रात्रीत अर्ध्यावर आले. म्हणून मी आधी जागा ठरवते, मग तिच्यापुरते पॉइंट जमवते आणि जमले की वापरून टाकते. सोन्यासारखे ते साठवून ठेवण्यात काही अर्थ नाही. बॉनव्हॉयमध्ये तर २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट बुडतात.

जागा ठरवताना आधी नकाशा उघडला. मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट, असं बहुतेक ठिकाणी असतं. लांबच्या प्रवाळबेटांवर जायला सी-प्लेन, आणि त्याचं जाण्यायेण्याचं भाडं माणशी सहज पाचशे ते सातशे डॉलर. ते पॉइंटवर मिळत नाही. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे विमान दुपारनंतर उतरलं तर राजधानी मालेमध्ये एक रात्र वेगळी. तिघांचं सी-प्लेन म्हणजे दीड लाखाच्या आसपास! पॉइंटवाल्यांच्या गप्पांत सेंट रेजिस, डब्ल्यू, कॉनरॅड ही लांबच्या बेटांवरच्या रिसॉर्टांची नावं फार येतात, पण हे भाडं कुणी आधी सांगत नाही. आम्ही विमानतळापासून स्पीडबोटीनं जाता येईल अशीच बेटं पाहिली आणि शेरटन मालदीव्ज फुल मूनवर थांबलो. उत्तर माले प्रवाळबेटांतलं फुरानाफुशी नावाचं हे बेट विमानतळापासून बोटीनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आईच्या गुडघ्यांनाही हेच सोयीचं होतं.

मग तारखा. ॲपमध्ये "पॉइंट वापरा" हा पर्याय निवडून तारखा लवचिक ठेवल्या की महिन्याचं कॅलेंडर उघडतं आणि प्रत्येक रात्रीचा भाव दिसतो. ख्रिसमस-नववर्षाला तोच भाव दुप्पट होतो किंवा खोलीच दिसत नाही. मे ते ऑक्टोबर तिथला पावसाळी वारा, तेव्हा स्वस्त. आम्ही दिवाळी उलटल्यावर नोव्हेंबर धरला. वारा फिरत असतो, गर्दी अजून आलेली नसते आणि मुलाच्या परीक्षा संपलेल्या असतात. तो आला नाही, त्याला मित्रांबरोबर हंपीला जायचं होतं. मग मी, नवरा आणि आई.

बॉनव्हॉयचा सगळ्यात कामाचा नियम असा की सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर त्यातल्या सगळ्यात स्वस्त रात्रीचे पॉइंट लागत नाहीत. पण पाचही रात्री एकाच बुकिंगमध्ये हव्यात. दोन अधिक तीन असं तोडलं की सवलत गेली. आणि मधल्या एका जरी रात्री साधी खोली पॉइंटवर उपलब्ध नसेल तर पाच रात्री दिसतच नाहीत. आमच्या आठवड्यातला शनिवार असाच अडला होता. रोज सकाळी चहाबरोबर ॲप उघडायचं हा माझा नेम झाला, आणि एके दिवशी शनिवार मोकळा झाला. भाव रात्रीला ५२ हजार पॉइंट होता. तरीही लगेच बुक केलं, कारण पॉइंटवरचं बुकिंग ठरलेल्या मुदतीच्या आत रद्द करता येतं आणि पॉइंट परत येतात. मुदत प्रत्येक रिसॉर्टची वेगळी, ती बुकिंगच्या पानावर नीट वाचावी लागते. पुढे काही आठवड्यांनी त्याच रात्री ४५ हजारांना दिसल्या. आधी नवीन बुकिंग केलं, मग जुनं रद्द केलं. या क्रमानंच करायचं, म्हणजे खोली हातची जात नाही. मात्र त्यासाठी थोडा वेळ दोन्ही बुकिंगांपुरते पॉइंट खात्यात लागतात. नवऱ्याच्या खात्यातले पॉइंट माझ्या खात्यात घेऊन ते जमवलं. एक सभासद दुसऱ्याला वर्षाला एक लाखापर्यंत पाठवू शकतो.

एक खबरदारी. कार्डाचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात एकदा गेले की परत येत नाहीत. म्हणून खोली दिसेपर्यंत ते कार्डावरच ठेवले होते. पॉइंट अपुरे असतानाही खोली धरून ठेवायची सोय बॉनव्हॉयमध्ये आहे, पण तिच्यात खोली धरली जाते, भाव धरला जात नाही.

हे परवडतंय का, याचं माझं माप एकच. करांसकट रोख भाव भागिले पॉइंट. मालदीवमध्ये जाहिरातीतल्या भावावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी लागतो, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. म्हणजे ३३० डॉलरची खोली प्रत्यक्षात ४२५ डॉलरला पडते. पाच रात्रींचे एकवीसशेच्या वर डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं एक लाख ८५ हजार रुपये. पॉइंट लागले चार रात्रींचे, एक लाख ८० हजार. पॉइंटमागे रुपयाच्या थोडं वर. माझी खालची मर्यादा ७० पैशांची आहे, त्याखाली मी पैसे देणं पसंत करते. इतर हॉटेल कंपन्यांच्या योजनांत हे गणित वेगळं बसतं. ॲकॉरमध्ये दोन हजार पॉइंट म्हणजे बिलात ४० युरो सूट, कुठेही जा. हिल्टनमध्येही पाचवी रात्र सुटते, पण त्यासाठी निदान सिल्व्हर दर्जा हवा.

बुकिंगनंतर लगेच रिसॉर्टला ईमेल लिहिला, आणि सगळ्यांनी तो लिहावाच असं मला वाटतं. तिसऱ्या प्रौढ माणसाचे वेगळे पैसे लागतील का, पॉइंटवरच्या पाहुण्यांना नाश्ता आणि रात्रीचं जेवण एकत्र घेतलं तर काय दर, बोटीचं भाडं किती, हरित कर वेगळा का. दुसऱ्या दिवशी मुद्देसूद उत्तर आलं. जादा पलंगाचे पैसे नाहीत, जेवणाचे मात्र तिघांचे, बोट वेगळी, हरित कर वेगळा. हा कर रिसॉर्टमध्ये जानेवारी २०२५ पासून माणशी रात्रीला १२ डॉलर आहे, आधी सहा होता. तिघांचे पाच रात्रींचे १८० डॉलर. हे आकडे वहीत मांडूनच विमानाची तिकिटं काढली. भारतीयांना तिथे उतरल्यावर पर्यटकांचा व्हिसा विनाशुल्क मिळतो. निघण्याआधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, एवढंच.

मुंबईहून तीन तासांच्या आत माले. घड्याळ अर्धा तास मागे. विमानतळाला लागूनच धक्का आहे, तिथून बोट. पाण्याचा रंग इतक्या पटकन बदलतो की आईनं बोटीच्या कठड्याला धरलेला हात सोडून डोळ्यांवर धरला. तिनं उभं आयुष्य समुद्र पाहिलेला, पण गढूळ न होणारा समुद्र तिला नवा होता.

साध्या श्रेणीतली खोली बागेकडची, किनाऱ्यापासून काही पावलांवर. पाण्यावरच्या खोलीसाठी जादा डॉलर विचारले होते, ते आम्ही नाकारले. चटया अंथरून आई दिवसभर झाडाखालीच बसली असती, आणि बसलीही. संध्याकाळी मात्र ती धक्क्यावर जायची. उथळ पाण्यात हातभर लांबीचे शार्क फिरत असतात. परदेशी पाहुणे कॅमेरे काढत, आई नुसती नावं सांगे. "ही मोरी. ती पाकट. तो बघ हेकरू, केवढो झालो हा." इथे कुणी त्यांना पकडत नाही म्हटल्यावर तिला जरा वाईटच वाटलं, मग म्हणाली, "म्हणून तर हत एवढे."

नाश्त्याच्या दालनात एका कोपऱ्यात मालदीवचे पदार्थ असत आणि बहुतेक पाहुणे तिथे फिरकत नसत. मास हुनी नावाचं एक कालवण नव्हे, कोरडंच काहीतरी होतं. शिजवलेल्या ट्यूनाचा, म्हणजे आपल्या कुप्याचा चुरा, ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, लिंबू, सगळं हातानं कुस्करलेलं, आणि बरोबर रोशी नावाची पातळ पोळी. आईनं घास घेतला आणि म्हणाली, "किसमूर!" आमच्याकडे किसमूर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, इथे कुप्याची. तिनं वाढणाऱ्या मुलाला खुणांनी विचारलं, खोबरं वाटलेलं की किसलेलं. त्यानंही खुणेनंच सांगितलं, खवलेलं, आणि आतून खवणी आणून दाखवली. बसायच्या लाकडी पाटाला पुढे लोखंडी दातेरी पातं, हुबेहूब आमच्या घरची. त्यानंतर रोज सकाळी तो आईसाठी वेगळी वाटी काढून ठेवायचा, मिरची जास्त घालून.

दुपारचं जेवण आम्ही मुद्दामच पॅकेजमध्ये घेतलं नव्हतं. भरपेट नाश्ता, मग दुपारी भाजणीची थालीपिठं आणि खाकरे, रात्री जेवण. खायचे पदार्थ नेता येतात. दारू आणि डुकराचं मांस मात्र देशात आणायला बंदी आहे. एकदा नवऱ्यानं दुपारी एक थाळी मागवली. मेन्यूवर ४० डॉलर, बिलावर ५१ डॉलर ४८ सेंट. चार्ज आणि कर मिळून. सुट्टीवर असताना ही बेरीज डोक्यात ठेवणं कंटाळवाणं आहे, पण शेवटी बिल याच बेरजेनं फुगतं.

निघायच्या आदल्या रात्री बिल मागून घेतलं, सकाळच्या घाईत तपासणं होत नाही. पाच रात्रींपुढे खोलीचा आकडा शून्य. खाली जेवण, बोट, हरित कर, नवऱ्याची ती थाळी. सगळं मिळून दीड लाखाच्या जरा आत, ईमेलवरून वहीत मांडलेल्या आकड्याला धरूनच. परदेशी चलनावर कमी आकार लावणाऱ्या कार्डानं भरलं, नाहीतर आणखी साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी गेला असता. म्हणजे पॉइंट नसते तर तिकिटं सोडून हाच मुक्काम तीन लाख ३५ हजारांच्या आसपास गेला असता, आणि आम्ही गेलोच नसतो, हेही तितकंच खरं.

आता खात्यात थोडे पॉइंट उरलेत. पुढच्या पावसाळ्यात महाबळेश्वरच्या, मॅरियटच्याच ल मेरिडियनला जायचा विचार आहे. तारखा पाहिल्या तर रोख नऊ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १० हजार ६२०, आणि पॉइंटवर २० हजार. पॉइंटमागे ५३ पैसे. तिथे पैसेच भरणार आहोत, त्याचे पॉइंट वर मिळतील. उरलेल्यांसाठी आई रोज विचारते, खंयचो समुद्र बघूक जावया. फुकेतचं कॅलेंडर उघडून ठेवलंय.